टायरवरचे शेवटचे अक्षर

कोल्हापूरचा तावडे हॉटेलचा चौक मागे टाकून गाडी पुण्याच्या दिशेने लागली की पाय आपोआप एक्सलरेटरवर दाबला जातो. गाडी किती पळेल हे इंजिन सांगते. पण किती पळवणे टायरला झेपेल, हे टायरच्या बाजूवर एका अक्षरात लिहिलेले असते. नवा टायर घेताना आपण साइज सांगतो, कंपनी विचारतो, भावात घासाघीस करतो. त्या अक्षराची चौकशी मात्र क्वचितच होते.

एखाद्या मोटारीच्या टायरवर रोमन लिपीत ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे छापलेले असते. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. उरलेले ८८ आणि एच ही जोडी महत्त्वाची. ८८ हा भाराचा निर्देशांक: एक टायर ५६० किलो पेलेल. एच हे वेगाचे चिन्ह: तेवढा भार घेऊन ताशी २१० किलोमीटरपर्यंत.

प्रत्येक अक्षराचा वेग ठरलेला आहे. जे म्हणजे १००, के ११०, एल १२०, एन १४०, पी १५०, एस १८०, टी १९०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. वर्णमालेच्या क्रमाने वेग वाढत जातो. अपवाद एकट्या एचचा. तो जेच्याही आधी असायला हवा, पण बसतो टी आणि यू यांच्याही पुढे, व्हीच्या आधी. म्हणून ‘एचच्या जागी टी बसवला, म्हणजे वरचाच झाला’ असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका. तो वीस किलोमीटरने खालचा आहे.

हे आकडे येतात चाचणीतून. टायर रिमवर चढवून, ठरलेली हवा भरून एका मोठ्या पोलादी ड्रमवर दाबून फिरवतात. मोटारीच्या टायरवर या वेळी त्याच्या कमाल भाराच्या सुमारे ८० टक्के वजन असते. वेग दहा-दहा किलोमीटरच्या टप्प्यांनी वाढवत नेतात आणि शेवटचा टप्पा सर्वांत जास्त वेळ चालवतात. सगळे मिळून साधारण तासाभराचे काम. शेवटी टायरचे थर सुटले नाहीत, रबराचे तुकडे उडाले नाहीत, आतले धागे तुटले नाहीत, तरच ते अक्षर मिळते.

टायरचा खरा शत्रू उष्णता. रस्त्याला टेकणारा भाग दर फेरीला दबतो आणि सुटतो. तार सारखी वाकवत राहिली की जशी तापते, तसे इथे रबर तापते. वरच्या मापाचे चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरते. शिवाय त्या वेगाला ट्रेडचा, म्हणजे बाहेरच्या खाचांच्या थराचा, प्रत्येक ग्रॅम आपल्या वजनाच्या सुमारे अडीचशे पट ओढीने बाहेर खेचला जातो. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट. हवा कमी असेल तर बाजू जास्त वाकतात, उष्णता वाढते आणि स्टीलच्या पट्ट्यांच्या कडेला थर सुटू लागतात. आपण म्हणतो ‘अचानक टायर फुटला’. आत मात्र त्याची तयारी बराच वेळ चाललेली असते.

आता कायदा. टायर त्यात तीन ठिकाणी भेटतो. पहिले ठिकाण टायर विकला जाण्याआधीचे. २००९च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वाहनांच्या टायरवर आयएसआय खूण सक्तीची केली. मोटारींसाठी आयएस १५६३३, ट्रक-बससाठी १५६३६ आणि दुचाकी-तीनचाकींसाठी १५६२७ ही मानके आहेत. त्यांनुसार चाचणी होते आणि भार-वेगाची खूण टायरवर येते. दुसरे ठिकाण गाडीच्या मंजुरीचे. नवे मॉडेल बाजारात आणण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधील नियम १२६ प्रमाणे चाचणी संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते. पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटी या त्यांपैकीच. टायर गाडीच्या वजनाला आणि वेगाला साजेसा असावा लागतो. तिसरे ठिकाण रस्त्यावरचे. नियम ९४ टायरच्या स्थितीबद्दल, तर नियम ९५ त्याच्या आकाराबद्दल आणि प्लाय रेटिंगबद्दल आहे. मोटारीच्या टायरवरची खाच १.६ मिमीच्या आत आली, दुचाकी-तीनचाकीची ०.८ मिमीच्या आत, की टायर बाद. खाचेतल्या लहान आडव्या पट्ट्यांशी ट्रेड समपातळीत आला की ती वेळ झाली म्हणून समजावे. गोटा झालेल्या टायरवर एच असला काय आणि व्ही असला काय, अर्थ एकच.

इथे शंका येते. ६ एप्रिल २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मोटारीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल १००ची आणि द्रुतगती मार्गावर १२०ची मर्यादा आहे. मग २१०चा टायर कशाला? कारण टायरची निवड गाडीच्या क्षमतेवरून होते, रस्त्यावरच्या पाटीवरून नाही. दुसरे म्हणजे, चाचणीतला टायर नवाकोरा आणि पूर्ण हवेचा असतो. मे महिन्यात, पाच माणसे आणि सामान घेऊन, दोन महिने हवा न तपासलेला टायर त्या अवस्थेत नसतो. वरचा फरक या तुटीसाठी शिल्लक राहतो.

कोल्हापूरच्या रस्त्यांवर या अक्षरांची सगळी शिडी दिसते. स्कूटरवर बहुधा जे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून निघणाऱ्या ट्रकवर ‘१४६/१४३ के’ सारखी खूण: चाक एकटे असेल तर ३००० किलो, जोडचाकात प्रत्येकी २७२५, वेग ११०. उसाच्या हंगामात फडातून कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या टायरवर ए ६ किंवा ए ८ असते, म्हणजे ताशी ३० किंवा ४० किलोमीटर. भरलेल्या ट्रॉल्या मागे घेऊन उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेला ट्रॅक्टर ही मर्यादा सहज ओलांडतो.

टायर बदलताना नियम साधा ठेवावा. भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर कंपनीने सांगितल्याइतके किंवा त्याहून वरचे. खालचे घेऊ नये. एका ॲक्सलवर दोन वेगळी अक्षरे नकोत, आणि चार टायरांत अक्षरे वेगळी असतील तर सर्वांत खालचे अक्षर हीच गाडीची मर्यादा. स्टेपनी अरुंद, तात्पुरती असेल तर तिच्यावर ८०चे स्टिकर असते. ते पाळून पंक्चरवाल्यापर्यंत जावे, पुण्यापर्यंत नव्हे. मालवाहू आणि प्रवासी गाड्यांच्या नोंदणीत टायरची संख्या, वर्णन आणि माप लिहिलेले असते, त्यामुळे फिटनेसच्या वेळी वेगळा टायर अडचणीत आणू शकतो. खासगी मोटारीला खालच्या अक्षराचा टायर असेल, तर अपघातानंतर विम्याच्या पाहणीत त्यावर प्रश्न निघू शकतो.

योग्य माप आणि हवेचा दाब चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात जा. टायर रिमवर चढण्याआधी अक्षर ताडून घ्या, निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार अंकी आकडा पाहा, आणि बिलावर नुसते ‘१५ इंची’ असे न लिहिता पूर्ण खूण शेवटच्या अक्षरासकट लिहून मागा.