टेबलावरचा सह्याद्री

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला आणि थरांवर थर साचत गेले. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. शाळा सुटल्यावर मात्र या खडकाची आठवण होते ती विहीर कोरडी लागली किंवा दरड कोसळली की मगच.

नोकरी-शेती सांभाळणाऱ्यांना भूशास्त्र हा विषय पुन्हा हाती घ्यायला पाच-सहा संध्याकाळचा अभ्यासवर्ग पुरतो. विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्यानमालांची प्रथा केंब्रिजने १८७३ मध्ये सुरू केली. आपल्याकडे बहिःशाल शिक्षण मंडळे हेच काम करत आली आहेत.

सुरुवात नमुन्यांपासून करावी. टेबलावर तीन दगड ठेवावेत: घट्ट पाषाण, भोकाभोकांचा सच्छिद्र बेसॉल्ट आणि पांढऱ्या खड्यांनी भरलेला मांजऱ्या. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ही भोके. पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ ही खनिजे साचली. कॅल्साइटवर चाकूचा ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर उठत नाही. सच्छिद्र दगडावर पाणी ओतले, तर ते बहुधा आरपार जात नाही, कारण भोके एकमेकांना जोडलेली नसतात. पाणी वाहते ते भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागते आणि आपल्या विहिरीला नाही, याचे उत्तर पुष्कळदा इथेच मिळते.

नंतर नकाशा आणि छेद. सह्याद्रीतल्या लाव्हा थरांच्या गटांना भूवैज्ञानिकांनी आपल्याच गावांची नावे दिली आहेत: खालून वर जाताना इगतपुरी, नेरळ, खंडाळा, पोलादपूर, महाबळेश्वर असे गट लागतात. हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. म्हणून उत्तरेला जुने गट उघडे पडले आहेत आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर नवे. हा कल इतका मंद आहे, की डोंगरावर उभे राहून तो जाणवत नाही. कागदावर छेद काढला की लगेच कळतो. बंद खोलीतल्या वर्गाचे खरे बळ हेच. डोंगरावर जायचेच आहे, पण आधी नजर तयार करून.

हा वर्ग प्रत्येक भागाचा वेगळा हवा. धुळे-नंदुरबारला लाव्ह्याच्या थरांत उभ्या घुसलेल्या खडकाच्या भिंती, म्हणजे डाइक, शिकवाव्या लागतील. त्या कुठे भूजल अडवतात, कुठे वाहून नेतात. चंद्रपूरला बेसॉल्टहून कितीतरी जुने गोंडवाना खडक आणि त्यांतला कोळसा आधी येईल. पुण्याचा अभ्यासक्रम सावंतवाडीला जसाच्या तसा चालणार नाही.

साधनेही आवाक्यातली आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर नकाशे मिळतात आणि शिकवायला जवळच्या महाविद्यालयातले भूशास्त्राचे प्राध्यापक बोलावता येतात. तालुक्याच्या प्रत्येक वाचनालयाने आपल्याच परिसरातल्या दहा-बारा दगडांची नावे-ठिकाणांसह एक पेटी तयार करावी आणि येत्या वर्षात असा एक वर्ग भरवावा. विहीर कुठे खोदायची आणि घर कुठे बांधायचे, हे ठरवणाऱ्या प्रत्येकाला पायाखालचा खडक ओळखता आलाच पाहिजे.