गाजर गवत : उपटायचं कधी, कळवायचं कुणाला

पावसाळा सरत आला की सोसायट्यांमध्ये श्रमदानाची हाक येते. दसऱ्याच्या आत शेजारचा रिकामा प्लॉट साफ करायचा, गाजर गवत उपटून ढीग लावायचा, वाळलं की पेटवून द्यायचं. लोक मनापासून राबतात, घाम गाळतात. पण तोवर झाडांनी बी धरलेलं असतं. उपटताना आणि ओढून नेताना तेच बी प्लॉटभर सांडतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तितकंच दाट रान उगवतं आणि मग सगळे म्हणतात, हे गवत काही जात नाही. जातं, पण त्यासाठी काही समजुती सोडाव्या लागतील.

‘अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, आपण काय करणार?’

पुण्यात या झाडाची नोंद १९५५ साली झाली. ज्या पीएल-४८० कराराला दोष दिला जातो, तो भारताशी झाला ऑगस्ट १९५६मध्ये. अमेरिकी गहू त्याआधीही येत होता, त्यामुळे प्रसाराला हातभार लागला असेल. पण भारतात गोळा केलेले या झाडाचे नमुने एकोणिसाव्या शतकापासूनचे आहेत. मूळ कुठलंही असो, आज ते आपल्या गल्लीत येतं ते भरावाच्या मातीतून, मुरमाच्या ट्रकमधून, गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून आणि नाल्याच्या पाण्यातून. बांधकामाची माती पडली की दोन-तीन आठवड्यांत तिथे नजर टाकायला हवी.

‘कापलं की झालं’

नाही. वरून कापलेलं झाड बुडाशी फुटतं आणि पुन्हा फुलतं. ते मुळासकट निघालं पाहिजे, तेही फुलण्याआधी. उगवल्यावर साधारण महिना-दीड महिन्यात त्याला पांढरी बारीक फुलं येतात आणि एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया धरू शकतात. म्हणून खरी वेळ जून-जुलैची. जमीन ओली असते, सोटमूळ अलगद निघतं, आणि बी नसलेली ही कोवळी झाडं कंपोस्टच्या खड्ड्यातही घालता येतात. मातीत पुरलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एका फेरीत काम संपत नाही. पहिल्या पावसानंतर एक फेरी, मग दर तीन-चार आठवड्यांनी एक. जिथे पाणी झिरपतं तिथे, म्हणजे गळक्या नळाशी आणि गटाराच्या कडेला, हे झाड उन्हाळ्यातही उगवतं.

फुललेलीच झाडं हाती लागली, तर झटकू नका. हलक्या हाताने मोठ्या पिशवीत भरा आणि तोंड बांधा.

‘मला काही होत नाही, हातमोजे कशाला?’

ही समजूत सर्वांत घातक. झाडातल्या पार्थेनिन या द्रव्याने होणारी त्वचेची ॲलर्जी पहिल्याच स्पर्शाला दिसेल असं नाही. वारंवार संपर्क येऊन शरीर संवेदनशील होतं. वर्षानुवर्षं काही न झालेल्या माणसाचे हात, मान, पापण्या एके दिवशी लाल होऊन खाजू लागतात आणि मग थोड्या संपर्कानेही त्रास उलटतो. परागांमुळे शिंका येतात, दमा बळावतो. सोसायटीत हे काम बहुतेक वेळा माळीकाका किंवा सफाई करणाऱ्या मावशी उघड्या हातांनी करतात. त्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क देणं सोसायटीचं कर्तव्य आहे. ते देता येत नसेल, तर त्यांना हे काम सांगूच नये.

‘पानांवर किडे पडलेत, औषध मारा’

फिकट पिवळसर अंगावर गडद नागमोडी रेषा असलेले भुंगेरे दिसले, तर हात आवरा. हे मेक्सिकन भुंगेरे १९८३ साली याच झाडाच्या बंदोबस्तासाठी भारतात आणले गेले. पावसाळ्यात ते आणि त्यांच्या अळ्या पानं फस्त करतात. कोरड्या दिवसांत ते मातीत दडून राहतात. त्यांच्या भरवशावर उपटणं थांबवू नये, पण त्यांना मारूही नये.

‘परदेशी झाड म्हणजे वाईट’

मिरची, बटाटा, पेरू, सीताफळही अमेरिका खंडातलेच. प्रश्न मूळ गावाचा नाही. मोकळं सुटून इतरांची जागा बळकावणाऱ्या झाडांचा आहे. या कसोटीवर सुंदर फुलंही तपासावी लागतात. पुण्याच्या टेकड्यांवर फुलणारा पिवळा-केशरी कॉसमॉस फोटोत छान दिसतो, पण त्याच्या दाटीत स्थानिक गवतं आणि रानफुलं गुदमरतात. टेकडीवर त्याचं बी उधळणं कृपा करून थांबवा.

उपटलेली जागा उघडी ठेवली, तर गाजर गवतच परत येतं. तिथे टाकळा पेरा. विदर्भात याला तरोटा म्हणतात. तो दाट वाढून गाजर गवताला दाबतो, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते.

‘कळवून उपयोग काय?’

‘परिसरात गवत वाढलंय’ एवढ्याच तक्रारीवर काम होणं अवघड. पूर्ण झाडाचा, पानाचा आणि फुलाचा असे फोटो, नेमकी जागा, पसारा किती, फुलोरा आलाय का आणि जमीन कुणाची, एवढं लिहून क्षेत्रीय कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत द्या, पोच घ्या. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते; अर्जाची एक प्रत तिलाही द्या. आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकला, तर ओळख पटवायला जाणकार मदत करतात. नवं, अनोळखी झाड झपाट्याने पसरताना दिसलं, तर हे आधी करा. दहा-वीस झाडं असतात तेव्हा एका सकाळी काम आटोपतं. अर्ज मे महिन्यातच द्या, म्हणजे पहिल्या पावसानंतर माणसं वेळेवर येतील.