कुमारवयातील आक्रमकता : स्वभाव की अवस्था?

कथा-कादंबरीतील कुमारवयीन नायकाने हात उगारला, की समीक्षक त्याला ‘बंडखोर’ म्हणून मोकळे होतात. या एका शब्दाखाली निदान दोन भिन्न मनोव्यापार झाकले जातात. केनेथ डॉज व जॉन कोई यांनी १९८७ मध्ये मुलांच्या आक्रमकतेतील हा भेद तपासला : चिथावणीला वा अपमानाला उत्तर म्हणून उफाळणारी प्रतिक्रियात्मक आक्रमकता आणि काही मिळवण्यासाठी थंडपणे वापरली जाणारी हेतुपुरस्सर आक्रमकता. पहिलीशी उतावीळपणा, राग न आवरणे, चिंता व औदासीन्य यांचा संबंध आढळतो. दुसरीशी, विशेषतः तिच्या तीव्र रूपात, परक्याच्या वेदनेविषयीची बेफिकिरी. एकाच मुलात दोन्ही असू शकतात, हेही खरे.

रवींद्रनाथांच्या ‘छुटी’ या कथेतील फटिक पहिल्या प्रकारातला. धाकटा माखन त्याच्यावर मारहाणीचा खोटा आळ घेतो. फटिक त्याला थप्पड मारतो. आई माखनची बाजू घेते आणि फटिक आईलाच ढकलतो. अशी मुले दुसऱ्याच्या संदिग्ध कृतीतही वैरभाव पाहतात, असे डॉज यांचे प्रतिपादन आहे. फटिकवरचा अन्याय मात्र कल्पित नाही. वर्तनाच्या प्रश्नावलीत ‘आईला ढकलले’ एवढीच नोंद होईल. कथेत त्याआधीचा प्रसंगही उरतो.

सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) मधील होल्डन, धाकटा भाऊ ल्युकेमियाने गेला त्या रात्री, गॅरेजच्या काचा मुठीने फोडतो. येथे शोकच रागाच्या रूपाने प्रकटला आहे. (‘कोसला’शी या कादंबरीची तुलना मराठीत इतकी झाली आहे, की येथे ती टाळणेच बरे.)

अडचण येते ती अँथनी बर्जेसच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’पाशी. १५ वर्षांचा ॲलेक्स चिथावणीची वाट पाहत नाही. त्याला हिंसेत रस आहे. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये कुमारवयापुरते समाजविरोधी वर्तन आणि आयुष्यभर टिकणारे वर्तन असा भेद मांडला. ॲलेक्स यांपैकी कोणता? १९६२ च्या ब्रिटिश आवृत्तीच्या २१ व्या प्रकरणात १८ वर्षांच्या ॲलेक्सला हिंसेचा कंटाळा येतो. अमेरिकन आवृत्तीतून हे प्रकरण वगळले गेले आणि तेथे ते १९८६ मध्ये परतले. म्हणजे एका पाठात आक्रमकता ही वयाची अवस्था, तर दुसऱ्यात जणू जन्मजात स्वभाव. कुब्रिकचा १९७१ चा चित्रपटही या प्रकरणाविनाच संपतो. म्हणून ॲलेक्सविषयी कोणतेही मानसशास्त्रीय विधान करणाऱ्याने आपण कोणती आवृत्ती वाचली, हे आधी सांगावे.