प्रभात फिल्म कंपनी

भागीदारीच्या तत्त्वावर चाललेली एक विख्यात मराठी चित्रपटनिर्मितिसंस्था. स्थापना कोल्हापूर येथे १ जून १९२९ रोजी. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले विष्णुपंत दामले, एस्. फत्तेलाल, व्ही. शांताराम व केशवराव धायबर हे तिचे संस्थापक. भांडवल सीतारामपंत कुलकर्णी यांचे. अशा रीतीने फुटीतून जन्मलेली ही संस्था पुढे फुटीनेच क्षीण झाली.

शांताराम दिग्दर्शन, धायबर छायालेखन, दामले ध्वनिमुद्रण व फत्तेलाल कलानिर्देशन पाहत. निर्मितीचे एकेक अंग त्यात निष्णात असलेल्या मालकाकडेच असल्याने खर्चाचे व कलेचे निर्णय एकाच ठिकाणी होत. गोपालकृष्ण (१९२९) या मूकपटानंतर अयोध्येचा राजा (१९३२) हा बोलपट आला. १९३३ मध्ये संस्था पुण्यास आली. कलावंत व तंत्रज्ञ मासिक वेतनावर असत. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित संत तुकाराम (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला; कुंकू (१९३७), माणूस (१९३९) व शेजारी (१९४१) हे शांतारामांचे चित्रपटही याच काळातले.

तथापि भागीदार निघून गेल्यास त्याचे अंगच दुबळे होई, हा या रचनेचा दोष होता. प्रथम धायबर गेले. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले व मुंबईत परळ येथे, पूर्वीच्या वाडिया मूव्हिटोनच्या जागेत, त्यांनी राजकमल कलामंदिर ही स्वतःची संस्था काढली. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजमध्येही याच सुमारास फूट पडून फिल्मिस्तान निर्माण झाली. रामशास्त्री (१९४४) हा दर्जेदार चित्रपट प्रभातने शांतारामांवाचूनही काढला. परंतु १९४५ मध्ये दामले निवर्तले. युद्धोत्तर काळात नटनटी चित्रपटागणिक मोबदला घेऊ लागल्याने वेतनावरील कलावंतांची पद्धतीही टिकेना. १९५३ च्या सुमारास संस्था बंद पडली.

यानंतर वास्तू व चित्रपट यांची मालकी वेगळी झाली. पुण्यातील जागा केंद्र शासनाकडे येऊन तेथे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली. प्रभातचे चित्रीकरणगृह विद्यार्थ्यांच्या उपयोगी आले. चित्रपटांचे हक्क इतरत्र फिरून अखेरीस दामले कुटुंबाकडे आले. मूळ नायट्रेट फिल्मींचा मोठा भाग मात्र जानेवारी २००३ मध्ये त्याच आवारातील भांडाराला लागलेल्या आगीत जळाला.