गाडीतळावरचा दिवा का लुकलुकतो?

सभासद बंधू-भगिनींनो,

गळीत हंगामात रात्री गाडीतळावर थांबलेल्या मंडळींची एक तक्रार नेहमी कानावर येते, "साहेब, काट्याजवळचा दिवा सारखा जातो-येतो. बल्ब का बदलत नाही?" मागच्या हंगामात असाच दिवा एकदम गेला, बैल बिचकले आणि एक गाडीवान चाकाखाली जाता जाता वाचला. मी शेतकी खात्याचा माणूस. पण त्या रात्रीनंतर वायरमनजवळ बसून हे समजून घेतले.

हे दिवे मेटल हॅलाइडचे. यात जुन्या बल्बासारखी तार नसते. आत एक लहान नळी असते, तिच्यात पारा व काही धातूंचे क्षार. इग्नायटर काही हजार व्होल्टचा झटका देतो, तेव्हा नळीत ठिणगी धरते. क्षार तापून पुरा उजेड पडायला ३ ते ५ मिनिटे जातात. प्रवाह आवरून धरण्याचे काम चोक करतो.

ऊस पिवळा दिसला की आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. कोवळी पाने पिवळी असली तर लोहाची शंका, खालची जुनी पाने असली तर नत्राची. दिव्याचेही तसेच आहे. आधी लक्षण पाहावे.

१) मोठी मोटार सुरू होताच दिवा गेला आणि १०-१५ मिनिटांनी आपोआप लागला, तर व्होल्टेज क्षणभर पडले असे समजावे. तापलेली नळी निवल्याशिवाय पुन्हा ठिणगी धरत नाही. अशा वेळी बल्ब बहुधा चांगला असतो. तो बदलून पैसे वाया जातात.

२) वाऱ्याने खांब हलला की दिवा फडफडतो, तर होल्डर किंवा वायरचा जोड ढिला आहे.

३) व्होल्टेज ठीक असून दिवा तापला की विझतो, निवला की लागतो, पुन्हा विझतो, उजेडाचा रंगही बदललेला असतो. असा बल्ब बहुधा म्हातारा झालेला असतो. तो बदलावा.

४) नवा बल्ब घालूनही थरथर राहिली, तर चोक व इग्नायटर त्या बल्बाच्या जोडीचे आहेत का, ते तपासावे.

आणखी एक. साध्या चोकवरच्या दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरते चाक कधी कधी थांबल्यासारखे भासते. म्हणून गव्हाणीजवळ नुसत्या नजरेवर विसंबून हात घालू नये.

बाहेरची काच फुटूनही दिवा जळत असेल तर त्याखाली थांबू नये. त्या किरणांनी डोळे व कातडी भाजते. खांबावर स्वतः चढू नये. इग्नायटरचा झटका जिवावर बेतेल.

तक्रार देताना "दिवा बिघडला" एवढेच न सांगता खांब कुठला, वेळ कोणती आणि दिवा कसा जातो-येतो, हे सांगावे. निम्मे काम तिथेच होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी