विहिरीच्या काठापासून ‘सिका’ क्रीमपर्यंत

चेहरा जरा कशानेही लाल होतो, साबण लागला की चुरचुरतो, अशी तक्रार घेऊन औषधाच्या दुकानात गेलं की हल्ली ‘सिका’ लिहिलेली क्रीम पुढे येते. तिच्यातला मुख्य घटक आपल्या ओळखीचा आहे. विहिरीच्या काठाला, पाटाच्या ओलाव्यात जमिनीलगत पसरणारी, कोथिंबिरीच्या कुळातली मंडूकपर्णी. आपल्याकडे अनेक जण तिलाच ब्राह्मी म्हणतात. चरकसंहितेत ती बुद्धिवर्धक रसायनांत मोडते. त्वचेच्या आधुनिक औषधांत मात्र ती हिंदी महासागरातल्या बेटांवरून आली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मॉरिशसमध्ये डॉ. ब्वालो यांनी ती कुष्ठरोगावर वापरून पाहिली. पुढे १९४१ मध्ये मादागास्करच्या पानांतून एशियाटिकोसाइड हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. कुष्ठरोगासाठी त्याच दशकात सल्फोन गटातली प्रभावी औषधं आली आणि या पानाकडून असलेली ती अपेक्षा मागे पडली. त्याने जखमा भरतात, हे निरीक्षण मात्र टिकलं. मादागास्करचे शास्त्रज्ञ आल्बेर राकोतो रात्सिमामांगा यांचं नाव जोडलं गेलेलं ‘मादेकासोल’ हे औषध त्यातूनच उभं राहिलं. एशियाटिकोसाइड, मादेकासोसाइड, एशियाटिक आम्ल आणि मादेकासिक आम्ल ही या पानातली चार महत्त्वाची द्रव्यं. ती मोजता येऊ लागली, तेव्हा पाल्याचं औषध झालं.

दक्षिण कोरियात डोंगकुक कंपनीने १९७० मध्ये मादेकासोल आणलं आणि खरचटलं-कापलं की लावायचं मलम म्हणून ते घराघरांत पोचलं. याच कंपनीने २०१५ मध्ये ‘मादेका क्रीम’ काढली. जखमेचं औषध आता रोज चेहऱ्याला लावायची वस्तू झालं. इतर कोरियन कंपन्याही या वाटेने गेल्या आणि ती लाट आपल्याकडेही आली.

इथे एक गोष्ट नजरेआड झाली. या पानाची कीर्ती जखमा आणि व्रणांवरची. संवेदनशील त्वचा म्हणजे जखम नव्हे. खाज या विषयावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये अशा त्वचेची व्याख्या केली: एरवी ज्याने काही होऊ नये, अशा गोष्टीनेही जळजळ, खाज, चुणचुण किंवा वेदना होणं. प्रयोगशाळेत मादेकासोसाइड दाह कमी करताना दिसतं, त्यामुळे आशेला जागा आहे. पण क्रीम लावून बरं वाटलं, तर त्यात ग्लिसरीन, पॅन्थेनॉल अशा तिच्यातल्या इतर घटकांचाही वाटा असू शकतो. शिवाय वनस्पतीज म्हणजे निर्धोक, असं समीकरण नाही. क्वचित खुद्द मंडूकपर्णीची ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून मिसळलेली सुगंधी तेलं तर नाजूक त्वचेला हमखास छळणाऱ्यांपैकी.

बाटलीवरच्या टक्केवारीनेही भुलू नये. ‘अर्क’ म्हणून मोजलेल्यातला बराचसा भाग पाणीच असू शकतो. त्यात ती चार द्रव्यं किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मलमावर विश्वास बसला तो मोजमापामुळे. क्रीमच्या वेष्टनावर ते मोजमाप नसेल, तर किंमत पानाच्या नावाची आहे असं समजावं. निवड करताना आधी सुगंध नसलेली क्रीम घ्यावी, आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावी आणि मगच चेहऱ्याकडे वळावं. लाली तरीही हटत नसेल, तर नवी बाटली घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.