न छेडलेला गंधार

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागिराचं लक्ष डोळ्यांपेक्षा कानाकडे अधिक असतं. घोडीच्या माथ्यावरून कानस अलगद फिरते, तारेखाली सुताचा धागा सरकवला जातो, बोट तारेवरून उतरतं. सूर अजून बंद वाटतो. पुन्हा कानस, पुन्हा धागा. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज अशा चार तारा एकामागून एक छेडल्या आणि जवारी नीट खुलली, की आणखी एक सूर घुमू लागतो. तो गंधार. चारपैकी एकही तार गंधारावर मिळवलेली नसते. खर्जाच्या पोटातून, बाकीच्या तारांच्या संगतीत तो आपोआप उमटतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

छायाचित्रांचं चांगलं पुस्तक बघताना असंच काहीसं घडतं. एक फोटो डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्हींत नसलेली तिसरी गोष्ट बघणाऱ्याच्या मनात उमटते. पान उलटल्यावर ती गोष्ट पुढच्या फोटोला जाऊन भिडते. एकेक फोटो सुटा करून भिंतीवर टांगला, तर हे होत नाही. पण असं पुस्तक आपल्याकडे बहुतेकदा ‘कॉफी टेबल बुक’ म्हणून दिवाणखान्यात पडून राहतं. पाहुणा आला की चार पानं चाळली जातात, ‘फोटो छान आहेत’ असं म्हटलं जातं आणि पुस्तक मिटतं. कादंबरी कुणी मधूनच चार पानं वाचून ठेवत नाही. फोटोंच्या पुस्तकाला मात्र ती वागणूक सर्रास मिळते, आणि याच मुलखात त्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे.

डकवलेली पानं

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर या कलेवर मुंबईत व्यवसाय उभा केला. फोटो थेट शाईने छापण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे पुस्तकासाठी प्रत्येक फोटोची प्रत काचेच्या निगेटिव्हवरून वेगळी काढायची आणि पानावर हाताने डकवायची. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून निघालेला ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ असाच डकवलेल्या फोटोंचा होता. एका अंकाच्या शंभर प्रती काढायच्या म्हणजे एकेका फोटोच्या शंभर प्रती उन्हात छापायच्या, धुवायच्या, वाळवायच्या.

त्या अल्बमशी जोडलेल्या विल्यम जॉन्सनने पुढे मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचं पुस्तक काढलं. हे खंड लंडनहून १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध झाले. त्यातले अनेक फोटो जोडकामाचे आहेत. माणसांचा फोटो एकीकडे घेतलेला, पाठीमागचं दृश्य दुसरीकडचं, आणि दोन्ही एका चौकटीत बसवलेली. ज्या माणसांची ‘ओळख’ हे पुस्तक करून देतं, ती त्या जागी कधी उभीच नव्हती. फोटो म्हणजे पुरावा, असं मानणाऱ्याने हे खंड सावकाश बघावेत. कुणाला कुठे उभं केलं, कुणाशेजारी ठेवलं आणि खाली काय नाव लिहिलं, हे कॅमेरा हातात असणाऱ्याने ठरवलेलं असतं, हे त्यांतून स्वच्छ दिसतं.

याच सुमारास मिरजेच्या पूर्वेला, विजापुरात, कर्नल बिग्ज आणि मेजर लॉक हे लष्करी अधिकारी आदिलशाही इमारतींचे फोटो काढत होते. मिरजही दीर्घकाळ आदिलशाहीतच होतं. ते फोटो १८६६ साली लंडनच्या जॉन मरे यांनी ग्रंथरूपात काढले. इतिहास लिहिला मेडोज टेलर यांनी, स्थापत्यावरच्या टिपा जेम्स फर्ग्युसन यांच्या. इथेही फोटो डकवलेलेच. दख्खनच्या या वास्तूंचं हे मोठं चित्रपुस्तक लंडनमध्ये बांधलं गेलं. त्याची मांडणी आणि निवड परक्या नजरेची होती, पण त्यातला दगड आपल्या मातीतला होता.

औंधच्या दहा स्थिती

फोटोंचा क्रम म्हणजे काय, हे समजून घ्यायला सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावं. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९१६ साली त्यांनी ‘चित्ररामायण’ काढलं आणि १९३८ साली औंधला भवानी संग्रहालय उभारलं. लाहोरात चित्रकला आणि फोटोग्राफीचा स्टुडिओ चालवलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर पुढे औंधला येऊन राहिले, त्यामागेही राजांचा आश्रय होता. सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेले शंकरराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानातल्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. छापलेलं चित्र सामान्य मराठी घरात नेणाऱ्या मासिकांत या अंकांचं स्थान मोठं आहे.

राजांचा सर्वांत मोठा ध्यास सूर्यनमस्काराचा. त्यावरच्या त्यांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती १९३८ साली ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने लंडनहून निघाली. तिच्यात दहा स्थिती छायाचित्रांतून क्रमाने उलगडतात. चौथ्या स्थितीचा फोटो सुटा घेतला, तर जमिनीकडे झुकलेला एक देह दिसतो, त्यापलीकडे काही नाही. तिसरा त्याच्या आधी आणि पाचवा नंतर ठेवला, की दोन फोटोंच्या मधली न टिपलेली हालचाल बघणाऱ्याच्या अंगात उतरते. हे पुस्तक कलाकृती म्हणून केलेलं नव्हतं, व्यायाम शिकवण्यासाठी केलेलं होतं. तरीही फोटोंच्या पुस्तकाचा मूळ नियम त्यात आहे. अर्थ फोटोइतकाच त्यांच्या क्रमात आणि मधल्या जागेत असतो.

त्र्याऐंशी फोटो आणि कोरी पानं

हाच नियम कलेच्या पातळीवर नेणाऱ्या पुस्तकांत रॉबर्ट फ्रँकचं ‘द अमेरिकन्स’ अग्रभागी आहे. मूळचा स्विस असलेला फ्रँक १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरला आणि २७ हजारांहून अधिक फोटो घेऊन परतला. पुस्तकात ठेवले फक्त ८३. ते आधी १९५८ साली पॅरिसमध्ये निघालं, १९५९ साली अमेरिकेत. पहिल्याच फोटोत खिडकीतल्या बाईचा चेहरा राष्ट्रध्वजाने झाकला गेला आहे. पुढे पानं उलटताना ध्वज पुन्हा पुन्हा येतो, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसांवर. अमेरिकी आवृत्तीत फोटो उजव्या पानावर आहे आणि डावं पान कोरं. ते कोरं पान गवयाने सम गाठल्यावर घेतलेल्या श्वासासारखं आहे. तिथे घाई केली, तर पुढचा फोटो नुसता आणखी एक फोटो होऊन जातो.

आपल्याकडची एक हकीकत मिरजेच्या रसिकाला विशेष भावेल. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणारी दयानिता सिंग एका मैफलीत उस्ताद झाकीर हुसेन यांचे फोटो काढायला गेली. आयोजकांनी अडवलं, त्या गडबडीत ती पडली. पुढे झाकीरभाईंनीच तिला फोटो काढू दिले. सहा हिवाळे ती त्यांच्याबरोबर फिरली. रियाज, प्रवास, घर, मंच असं सारं टिपून तिने १९८६ साली आपलं पहिलं पुस्तक केलं. हाताने कापून, चिकटवून, टिपणं लिहून केलेला त्याचा कच्चा आराखडा जर्मनीच्या श्टायडल प्रकाशनाने २०१९ साली जसाच्या तसा छापला. आता तेच एक स्वतंत्र पुस्तक झालं आहे. तिचं ‘म्युझियम भवन’ घडीच्या छोट्या पुस्तकांची पेटी आहे. पट्टी उलगडून टेबलावर उभी केली की घरातच प्रदर्शन भरतं. २०१७ साली पॅरिसमध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम फोटोबुकचा मान मिळाला.

फडाच्या मागे

मराठीत या वाटेवर निष्ठेने चाललेलं एक नाव संदेश भंडारे यांचं. ‘वारी : एक आनंदयात्रा’ आणि ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ ही त्यांची पुस्तकं. तमाशाचा फोटो म्हटला की दिव्यांच्या झोतातली नाचणारी बाई डोळ्यांसमोर येते. भंडाऱ्यांचा कॅमेरा कनातीच्या आतही जातो. ढोलकीफड आणि संगीतबारी चालवणाऱ्या माणसांचं रोजचं जगणं तिथे आहे. मिरजेजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड ज्यांनी बघितला आहे, त्यांना या पुस्तकाची ओळख करून द्यावी लागत नाही. मंचावरचा रंग आणि मंचामागचा थकवा एकाच पुस्तकात आल्यामुळे ‘गंमत’ हा शब्दच बदलून जातो. हा मघाचा गंधार.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षं काढले. त्यांत दया नाही, बरोबरी आहे. गौतम राजाध्यक्ष यांनी ‘चेहरे’मध्ये नटनटींच्या चेहऱ्यांवर प्रकाश असा ठेवला की ओळखीचा चेहराही पुन्हा नव्याने बघावा लागतो. केतकी शेठ यांचं २०१८ सालचं ‘फोटो स्टुडिओ’ देशभरातले उरलेसुरले स्टुडिओ दाखवतं. रंगवलेले पडदे, प्लॅस्टिकची फुलं, धूळ बसलेल्या छत्र्या. त्याआधी, २०१३ साली, मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या सुहाग स्टुडिओतल्या निगेटिव्हांवरून क्रिस्टोफर पिनी आणि सुरेश पंजाबी यांनी ‘आर्टिझन कॅमेरा’ केलं. गावच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढणाऱ्याचं काम कला ठरू शकतं, हे त्या पुस्तकाने दाखवलं. तालुक्याच्या गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यांकडे त्यानंतर वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

पुस्तक हातात घेताना

बघायचं कसं, याची युक्ती फार अवघड नाही. पहिल्या खेपेला मजकूर वाचू नये. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत नुसतं बघत जावं, जिथे हात थांबेल ते पान लक्षात ठेवावं. दुसऱ्या खेपेला समोरासमोरची पानं बघावीत. हाताला हात, रेषेला रेष, उजेडाला अंधार कुठे जुळतो? तिसऱ्या खेपेला ओळी वाचाव्यात. काळा रंग खोल आहे की राखाडी, कागद चकचकीत आहे की खरबरीत, फोटो शिवणीत अडकून दुभंगला आहे का, हेही बघावं. छपाई इथे नुसतं साधन नाही. कृष्णधवल फोटो एकाच काळ्या शाईत छापला तर बहुतेकदा सपाट दिसतो. दोन शाया चढवल्या की सावलीच्या आतही तपशील उमटतो.

पुस्तकाच्या अनेक प्रती असतात, हेही मोलाचं आहे. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले. घरोघरचे अल्बमही गेले. चिकटलेली पानं सोडवताना आजीच्या लग्नाच्या फोटोचा वरचा थर प्लॅस्टिकबरोबर निघून यायचा. छापलेल्या ग्रंथाची दुसरी प्रत दुसऱ्या गावात सापडते. अल्बमची सापडत नाही.

पहिल्या पानावर भोपळा

मिरजेच्या तंतुवाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वर्तमानपत्रांतून रांगेने टांगलेल्या भोपळ्यांचे फोटो झळकले. फोटो देखणे होते. पण शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यात तंतुवाद्यांची विद्या कशी आली, फरीदसाहेबांपासून ती पिढ्यान्‌पिढ्या कशी चालली, हे एका फोटोत मावणारं नाही. त्यासाठी पुस्तकाची पानं हवीत.

त्या पुस्तकाचा क्रम डोळ्यांसमोर येतो. पंढरपूर भागातल्या शेतात वेलीवर पडलेला भोपळा. समोरचं पान कोरं. मग तोच भोपळा वाळलेला, कापलेला, आतून पोकळ. तुणीच्या लाकडाची फळी आणि तिच्यावर पेन्सिलची रेघ. लाखेच्या पॉलिशने लाल झालेली बोटं, आणि समोरच्या पानावर त्याच घरातल्या मुलाची कॉलेजची बॅग. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, तिथे त्यांच्या स्मृतीच्या मैफलीसाठी अंथरलेल्या सतरंज्या, अजून रिकाम्या. शेवटच्या पानावर मिरज जंक्शनचा फलाट, आणि गोणपाटात गुंडाळलेला तंबोरा उभा धरून गाडीची वाट बघणारा कारागीर.